आगमनकाळ, मुलं आणि गव्हाणीतला पेंढा

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा: "घरात तीन मुलं आहेत, पाच, आठ आणि बारा वर्षांची. गेल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळात, आम्ही बाळ येशूसाठी रिकामी गव्हाणी मांडली. प्रत्येक चांगल्या कामाला पेंढ्याची एक काडी, आणि ज्याच्या काड्या जास्त त्याला नाताळात मोठं बक्षीस, असं ठरवलं. चार दिवस उत्साह होता. मग मधलीने भावाच्या चपला दिवसातून पाच वेळा उचलून ठेवल्या आणि पाच काड्या मागितल्या. धाकटा 'माझ्याच कमी' म्हणून रडला. मोठ्याने अंगच काढून घेतलं. दुसऱ्या रविवारनंतर गव्हाणी माळ्यावर गेली. यंदा करावं की नाही? करायचं तर कसं?"

ताई, यंदाही गव्हाणी मांडाच. फक्त बक्षीस काढून टाका आणि मोजणी बंद करा. तुम्ही लिहिलेली सगळी भांडणं या दोन गोष्टींतून उगवली आहेत. मुलांचं त्यात काही चुकलेलं नाही. मोठ्यांनी शर्यत लावली, म्हणून ती धावली. तुमच्या मधल्या लेकीला तर हिशेब सगळ्यात चांगला कळला होता.

मी रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, त्याला आता २६ वर्षं झाली. माझी दोन मुलंही याच काळात वाढली. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा हेच करत होते. वर्गाच्या भिंतीवर तक्ता, तक्त्यावर नावं, नावांपुढे चिकटवलेल्या चांदण्या, आणि चौथ्या रविवारी पहिल्या आलेल्याला भेटवस्तू. एका वर्षी नऊ वर्षांची एक मुलगी वर्ग सुटल्यावर माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "टीचर, मी रोज आजीला औषध देते त्याची चांदणी मिळते. पण डॉक्टरांनी औषध बंद केलं. आता मी काय करू?" आजीला बरं वाटायला लागलं होतं आणि नात रडकुंडीला आली होती. मी तिला जवळ घेतलं, पण काय बोलावं ते मला सुचेना. तक्ता मी त्याच आठवड्यात उतरवला, तो पुन्हा लावला नाही.

पुढे वाचनात आलं, की हे अभ्यासकांनी तपासून पाहिलेलं आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते त्यांना दिलंही. काही दिवसांनी वर्गात मोकळेपणी खेळायच्या वेळी हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत बसली. २००८ मध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी तर २० महिन्यांच्या बाळांसोबत काम केलं. मोठ्या माणसाच्या हातून एखादी वस्तू पडते, त्याला ती घेता येत नाही आणि बाळ ती उचलून देतं. ज्या बाळांना दर वेळी त्याबद्दल खेळणं मिळालं, ती पुढे मदतीला कमी उठली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती उठत राहिली. जेमतेम चालायला लागलेलं मूलसुद्धा मदत करायला आपणहून धावतं, हे यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ती ओढ मुलात आधीपासून असते. आगमनकाळात आपण तिला वाट करून द्यायची, भाव ठरवून द्यायचा नाही.

आता पेंढ्याविषयी. बहुतेक घरांत गव्हाणी मांडतात, पण पेंढा कशासाठी हे मुलांना कोणी सांगत नाही. मग काडी म्हणजे गुण होऊन बसते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा नव्हती म्हणून येशूच्या आईने, मरियेने, बाळाला गव्हाणीत ठेवलं. गव्हाणी म्हणजे जनावरांनी चारा खायची जागा. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो इथे खराखुरा चारा भरून गव्हाणी मांडली, शेजारी बैल आणि गाढव उभं केलं. बाळ येशूला किती अडचणीत झोपावं लागलं हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं, अशी त्यांची इच्छा होती.

मी वर्गात पहिल्या दिवशी एक लाकडी खोकं आणि पिशवीभर पेंढा नेते. बोलायच्या आधी मुलांना एकेक करून रिकाम्या खोक्याच्या तळाशी हात दाबून धरायला सांगते. कोपर टेकवून पाहा म्हणते. लाकूड गार लागतं, कडेची खपली बोटाला लागते. मग दोन-चार काड्या टाकून पुन्हा हात ठेवायचा. आता तर आणखीच टोचतं, कारण थोडा पेंढा टोचतोच. मग मूठभर, मग ओंजळभर. हळूहळू हात खाली रुततो आणि लाकूड लागेनासं होतं. एका वर्षी पाच वर्षांच्या एका मुलाने हात तसाच आत ठेवून विचारलं, "बाळाच्या पाठीला लागणार नाही ना आता?" त्याला मी जे समजावणार होते ते त्याच्या तळहाताने आधीच समजून घेतलं होतं. घरी हे एकदा करून पाहा, तिन्ही मुलांना एकत्र बसवून. त्यानंतर किती काड्या हव्यात असं कोणी विचारलं, तर उत्तर तयार आहे: मऊ होईपर्यंत.

मांडणी अशी ठेवा. घरात गव्हाणी एकच. काड्या सगळ्या सारख्या; मुलागणिक रंग किंवा दोरा बांधायचा नाही. पेंढा शेजारी उघड्या डब्यात ठेवायचा, म्हणजे काडी मागायला कोणाकडे जावं लागणार नाही. काडी का टाकली हे सांगायची सक्ती नाही आणि विचारायचं तर मुळीच नाही. आई-बाबांनीही टाकायच्या. मुलांनी तुम्हाला ओणवं होऊन काडी ठेवताना पाहिलं, की तुमच्या दहा वेळा सांगण्याचं काम होतं. कोणी खोटी काडी टाकली तर? टाकू दे. मी इतकी वर्षं पाहते आहे, जिंकायचंच काही नसलं की खोट्या काड्या दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात.

एक नियम मात्र मी अगदी कडकपणे पाळते. टाकलेली काडी कधीही बाहेर काढायची नाही.

हा नियम मला माझ्या लेकीमुळे करावा लागला. ती तेव्हा सात वर्षांची होती. दुसऱ्या आठवड्यात दोघा भावंडांचं कडाक्याचं भांडण झालं, तिने भावाच्या दंडाला चावा घेतला. मी रागाच्या भरात म्हणाले, "असं वागलीस तर काय उपयोग त्या काड्यांचा?" रात्री पाणी प्यायला उठले तर ती अंधारात गव्हाणीपाशी उकिडवी बसलेली. एकेक काडी काढून मांडीवर ठेवत होती. म्हणाली, "माझ्या कुठल्या ते आठवत नाही, म्हणून मोजून काढतेय." मी तिच्याशेजारी बसले. सकाळी तू भावाच्या वहीला कव्हर घातलंस ते संध्याकाळी चावल्यामुळे घातलं नाही असं होत नाही, हे तिला सांगताना मलाच गहिवरून आलं. काड्या आम्ही दोघींनी परत ठेवल्या. चावल्याबद्दल काय करायचं ते तिने सकाळी स्वतः ठरवलं. चूक झाली तर माफी मागायची, जे मोडलं ते जोडायचं, आणि त्यासाठी नवी काडी. गव्हाणीचा धाक कधी घालू नका. "थांब, बाळ येशूला टोचेल हं," हेसुद्धा म्हणू नका. लहान मुलं ते खरं धरतात आणि रात्री उराशी घेऊन झोपतात.

दिवसांचं एक लक्षात असू द्या. आगमनकाळ नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही. त्यामुळे तो कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा असतो. २०२२ मध्ये नाताळ रविवारी होता, म्हणून पूर्ण २८ दिवस मिळाले. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी आला आणि २२ च दिवस उरले. रोज एक कागदी खिडकी उघडायची ती छापील दिनदर्शिका मात्र बहुधा १ ते २४ डिसेंबरचीच असते. ती वापरायला माझी हरकत नाही, पण रोज एक खिडकी आणि तिच्यामागे रोज एक ठरवून दिलेलं सत्कृत्य हा प्रकार मला पटत नाही. "आज शेजाऱ्यांना मदत करा" असं लिहिलेल्या दिवशी शेजारी गावाला गेलेले असतात, आणि स्वयंपाकघरात आई डोकं धरून बसली आहे याचा खिडकीला पत्ता नसतो. मुलाला चिठ्ठीतलं काम उरकायची सवय लागते. समोरचं दिसायची सवय राहून जाते.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात मी एकही चांगलं काम करायला सांगत नाही. फक्त बघायचं. पहिल्या रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जा; तिथे वाचायचे बायबलमधले पाठ तीन वर्षांच्या चक्राने बदलतात, पण कुठल्याही वर्षी शुभवर्तमानाचा सूर एकच असतो: जागे राहा. मुलांना मी हेच काम देते, आणि घरी पालकांनी संध्याकाळी मेणबत्तीपाशी दोनच प्रश्न विचारायचे. आज घरात किंवा शाळेत कोण दमलेलं दिसलं? कोणाला काहीतरी हवं होतं, पण त्याने मागितलं नाही? पहिल्या प्रश्नाला उत्तरं लगेच येतात. दुसऱ्याला दोन-तीन दिवस कोणी बोलत नाही. त्या शांततेत तुम्ही उत्तर पुरवू नका. एका आठ वर्षांच्या मुलीने पाचव्या दिवशी सांगितलं, की बाबा कामावरून आले की बूट काढायच्या आधी थोडा वेळ खुर्चीत नुसतेच बसतात. तिच्या बाबांनाही हे माहीत नव्हतं. तिने स्वतःच ठरवलं, की ते बूट काढेपर्यंत आपण शाळेतलं काही विचारायचं नाही. तिची पहिली काडी ही. कुठल्याही तयार यादीत हे काम तुम्हाला सापडणार नाही.

मेणबत्त्यांचा उल्लेख आला म्हणून सांगते. चार रविवारच्या चार मेणबत्त्या लावतो त्या हिरव्या कड्याची सुरुवात १८३९ मध्ये हॅम्बुर्गला झाली. योहान हिन्रिख विखर्न हे पाद्री तिथे गरीब, निराधार मुलांसाठी घर चालवत. 'नाताळ कधी, नाताळ कधी' असा मुलांचा धोशा असे, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या असं सांगतात: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल. थांबणं मुलांना दिसावं लागतं, हे त्यांना कळलं होतं. तुमच्याकडे कडं असेल तर गव्हाणी त्याच्याच शेजारी ठेवा, म्हणजे संध्याकाळचे दोन प्रश्न, प्रार्थना आणि काडी एकाच जागी होतील. पाच मिनिटं पुरतात. ती वीस मिनिटांची केलीत तर चौथ्या दिवशी मोडेल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या पाठांत योहान बाप्तिस्ता येतो, येशूच्या आधी येऊन लोकांना तयार करणारा संदेष्टा. मुलांसाठी याच्याइतका उपयोगी माणूस आगमनकाळात दुसरा नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, "मग आम्ही काय करावं?" मुलं आपल्याला विचारतात तेच. योहान सगळ्यांना एक उत्तर देत नाही. दोन अंगरखे असतील त्याने ज्याला नाही त्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी कोणाला दमदाटी करू नये, खोटा आळ घेऊ नये, मिळतो त्या पगारात समाधान मानावं. 'धंदा सोडा आणि माझ्यामागे रानात या' असं तो एकालाही म्हणत नाही. ज्याची जागा जिथे, त्याचं चांगलं काम तिथेच. वर्गात मी हा उतारा वाचते आणि विचारते, शाळेच्या बसमध्ये खिडकीशी बसणाऱ्या मुलाने योहानला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? कॅप्टन असलेल्या मुलीला काय म्हणाला असता? मोठ्या भावाला? पोरं क्षणात उत्तरं देतात आणि ती सगळी अचूक असतात. संघ निवडताना शेवटी कोण उरतं ते त्यांना माहीत असतं. कोणाच्या बोलण्याची नक्कल होते तेही माहीत असतं. शिपायांना दिलेलं उत्तर तर मुलांना फार लागू पडतं, कारण त्यात काही करण्यापेक्षा न करणं आहे: जीभ आवरणं, टोपणनाव न उच्चारणं, ढकलायची संधी सोडून देणं. त्यालाही काडी आहे, हे मुद्दाम सांगा. नाहीतर काडी फक्त भांडी उचलणाऱ्याला मिळते असं त्यांना वाटतं.

आता तुमची तीन मुलं. पाच वर्षांच्याला 'उपाशी मुलांना मदत', 'जगात शांती' हे काही सांगू नका. त्याचं जग हाताच्या अंतरावर आहे. सांडलेलं पुसणं, बाळाला खेळणं देणं, दार धरून उभं राहणं. त्याच्या मदतीने काम वाढतं हे मला माहीत आहे. तो घड्या घालतो त्या पुन्हा घालाव्या लागतात. पण त्याच्यासमोर पुन्हा घालू नका, एवढं करा. मधलीला, माझा अंदाज आहे, न्याय-अन्याय फार लागतो. आठव्या-नवव्या वर्षी तसंच असतं. तिला गुप्त काम द्या. चार-पाच घरच्या माणसांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, प्रत्येकाने एक उचलायची, आणि त्या माणसासाठी आठवडाभर त्याला कळू न देता काहीतरी करायचं. मोजायची आवड असलेल्या मुलांना गुप्ततेची ओढ त्याहून जास्त असते.

तुमच्या बारा वर्षांच्या मुलाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक घरांत इथेच हात टेकले जातात. माझा मुलगा त्या वयात म्हणाला, "हे लहान मुलांचं आहे." मी वाद घातला नाही. त्याला म्हटलं, ठीक आहे, मग तू मोठ्यांच्या बाजूला ये. पेंढा आणायचं, गव्हाणीचा निखळलेला पाय ठोकायचं, रविवारी मेणबत्ती पेटवायचं काम त्याच्याकडे दिलं. धाकटीला एखादी गोष्ट जमत नसेल तर तिच्या लक्षात न येता ती सोपी कशी करता येईल, हेही त्याच्यावर सोपवलं. काडी टाक असं एकदाही म्हटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मला दिसलं, की सकाळी गव्हाणीत रात्रीपेक्षा जास्त पेंढा असतो. आजपर्यंत मी त्याला त्याबद्दल विचारलेलं नाही. या वयाच्या मुलाला कोणी बघत असताना चांगलं वागणं अवघड जातं, मित्रांसमोर तर फारच. त्याला न दिसता करायची सोय द्या आणि खरी जबाबदारी द्या, ज्यात तो चुकला तर खरोखर अडेल अशी.

त्याच्यासाठी ६ डिसेंबरचा दिवसही उपयोगी आहे, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचे बिशप संत निकोलस यांचा. एका गरीब बापाला तीन मुलींची लग्नं करून देता येत नव्हती, तेव्हा निकोलसने रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी त्यांची कथा आहे. लाल डगल्यातल्या नाताळबाबाच्या मागे हा माणूस आहे हे बारा वर्षांच्या मुलाला सांगितलं, की त्याचा चेहरा बदलतो. 'भेटी कोण आणतं' हे गुपित आता त्याला कळलेलं असतं आणि लहानपण संपल्याची थोडी हुरहुर असते. त्याला म्हणा, आता तू त्या बाजूचा झालास. ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री भावंडांच्या चपलांपाशी काहीतरी छोटं ठेवायचं काम त्याला द्या, त्याच्या स्वतःच्या कल्पनेने.

घराबाहेरच्या दानाविषयी माझं मत जरा कडक आहे. आगमनकाळात मुलांना सांगितलं जातं, की जुनी खेळणी-कपडे काढा, गरिबांना देऊ. मग चाक नसलेल्या गाड्या आणि पानं फाटलेली पुस्तकं पिशवीत भरली जातात. ती घराची साफसफाई झाली, आणि मुलाच्या मनात बसतं, की मोडकं ते दुसऱ्याचं. मी मुलांना एकच कसोटी देते: हे तुझ्या जिवलग मित्राला वाढदिवसाला देशील का? देणार असशील तरच पिशवीत टाक. योहानच्या दोन अंगरख्यांपैकी एक फाटका होता असं कुठे लिहिलेलं नाही. दोन गोष्टी द्या, पण धुऊन, पुसून, बटणं लावून. बटण लावायला शिकणं हेही आगमनकाळातलं चांगलं काम आहे. मुलांनी देतानाचे फोटो काढू नका. घेणाऱ्या मुलाचा तर कधीच नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं येशूने सांगितलं आहे.

वृद्धांच्या भेटीचंही तसंच. तीस मुलांचा घोळका वर्षातून एकदा जातो, गाणी म्हणतो, टाळ्या होतात आणि सगळे निघून जातात. आजी-आजोबांना तो तास आवडतो, मी नाही म्हणत नाही. पण चौथ्या रविवारच्या एका पाठात मरिया आपल्या वयस्कर नातलगाकडे, अलिशिबेकडे, डोंगराळ भागात घाईने निघते. आणि लूक पुढे सांगतो, की ती तिथे सुमारे तीन महिने राहिली. मी घरांना सुचवते, एकच माणूस निवडा. एकटे राहणारे शेजारी, लांबची मावशी, कोणीही. चारही आठवड्यांत जा, दर वेळी दहा मिनिटं. पहिल्या भेटीत मुलं अवघडतात, कारण बोलायला काही नसतं. तिसऱ्या भेटीत आजोबा त्यांची वाट बघायला लागलेले असतात आणि मुलांनाही ते कळतं. मग नाताळ झाल्यावर जायचं बंद कसं करणार, हा प्रश्न मुलंच विचारतात. तुम्हाला पुढे वेळ जमणार नसेल तर आधीच कमी वेळा जा. वाट बघायला लावून थांबणं बरं नाही.

शाबासकी द्यावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बक्षीस काढलं की तो प्रश्न येतोच. द्या, मनापासून द्या. फक्त "किती गुणी बाळ माझं" याऐवजी पुढच्या माणसाला काय झालं ते सांगा. "तू पाणी भरून ठेवलंस, म्हणून आजीला रात्री उठावं लागलं नाही." "तू शेजारी बसलास तेव्हा त्याने खांदे सैल सोडले, बघितलंस?" मुलाची नजर स्वतःवरून उठून दुसऱ्यावर जाते. गुणी म्हटलेलं मूल दुसऱ्या दिवशी चुकलं, की त्याला वाटतं आपण आता गुणी राहिलो नाही. आजी रात्रभर झोपली ही गोष्ट मात्र कोणत्याही चुकीने पुसली जात नाही. आणि पाहुण्यांसमोर, नातेवाईकांसमोर मुलांची सत्कृत्यं सांगत बसू नका. त्यांच्या देखत तर नाहीच.

दुसऱ्या रविवारनंतर यंदाही ते थंडावेल, हे आताच धरून चाला. शाळेची गडबड, आजारपण, पाहुणे, काहीतरी येतंच. तीन दिवस एकही काडी पडली नाही तर वळून बघायला लावू नका, जाबही विचारू नका. तिसऱ्या रविवारची मेणबत्ती अनेक ठिकाणी गुलाबी असते; तो आनंदाचा रविवार. त्या दिवशी सगळ्या घराने मिळून एक काम करा आणि पेंढ्याची एक जाड पेंडी एकत्र ठेवा. तेही हुकलं तर १७ डिसेंबर आहे. त्या दिवसापासून चर्चच्या प्रार्थनांचा रोखही थेट येशूच्या जन्माकडे वळतो. आठ दिवस उरलेले असतात आणि आठ दिवसांत गव्हाणी छान भरते.

२४ तारखेला रात्री बाळाची मूर्ती ठेवताना काड्या मोजू नका, कोणी जास्त केलं ते काढू नका. धाकट्याला हात घालून बघू दे, लाकूड लागतं का. मूर्ती ठेवायचा मान मोठ्याला द्या, आणि मधलीला विचारा, डोक्याकडे पेंढा थोडा उंच करायचा का. ती नीट करेल.

गव्हाणी आताच माळ्यावरून उतरवा. पुसायचं काम धाकट्याला, पाय हलतोय का बघायचं मोठ्याला.